ग्रिनेलला निघालेल्यांसाठी : छोट्या कॉलेजातली पहिली दोन वर्षं

अमेरिकेत शिकायला निघालेली मराठी मुलं बहुतेक मोठ्या विद्यापीठांत जातात. थोडीच मुलं छोट्या खासगी लिबरल आर्ट्‌स कॉलेजांची, म्हणजे कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान सगळं शिकवणाऱ्या पदवीच्या कॉलेजांची, वाट धरतात, आणि त्यांना सल्ला द्यायला ओळखीत कुणी सापडत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अशा कॉलेजांपैकी आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज मला जवळून माहीत आहे, म्हणून सगळं त्याच्याच आधारानं सांगते. कार्लटन, मॅकॅलेस्टर, ओबर्लिन, केनियन इथं निघालेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण नियम आपापल्या कॉलेजाचे बघून घ्या.

ग्रिनेलची स्थापना १८४६ ची. गावाची वस्ती नऊ-साडेनऊ हजार आणि कॉलेजात साधारण सतराशे विद्यार्थी. एम.ए., पीएच.डी.चे वर्ग इथं नाहीतच. मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासायचं, त्यांच्या शंका सोडवायचं काम बऱ्याचदा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांकडं असतं. इथं जे प्राध्यापक शिकवतात तेच तुमचा निबंध वाचतात, त्यावर शेरे लिहितात आणि तुम्ही दार ठोठावलंत तर तासभर तुमच्याशी बोलतात. एवढी फी आपण भरतो, किंवा कॉलेज आपल्यासाठी एवढी शिष्यवृत्ती देतं, ती या वेळासाठी. तो वेळ आपोआप पदरात पडत नाही, मागावा लागतो. आपल्या मुलांना नेमकं तेच जड जातं, म्हणून पुढचा बराचसा लेख त्या मागण्याबद्दल आहे.

निघण्याआधी

कागदपत्रांची यादी कॉलेज पाठवतंच. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला), पासपोर्ट, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीच्या फीची पावती, लसीकरणाची नोंद आणि आर्थिक साहाय्याचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात टाकू नका. लसीकरणाची नोंद डॉक्टरांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, तारखांसह करून घ्या. दात आणि डोळे निघण्याआधी तपासून घ्या, तिथं दाताचं साधं कामही फार महाग पडतं. चष्म्याचा एक जादा जोड बरोबर असू द्या. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, त्यामुळे घरचा मिक्सर नेऊन उपयोग नाही. जाड कोटही इथून नेऊ नका. आपल्याकडं जो जाड म्हणून मिळतो तो आयोवाच्या जानेवारीत पुरत नाही.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं काम उन्हाळ्यात येणाऱ्या एका ऑनलाइन फॉर्मात असतं. ग्रिनेलमध्ये सक्तीचा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्यूटोरिअल. बारा-तेरा मुलांचा वर्ग असतो. प्रत्येक प्राध्यापक आपल्या आवडीचा एक विषय घेतो, त्यात नाटकापासून हवामानबदलापर्यंत काहीही असू शकतं. त्या विषयाच्या निमित्तानं कॉलेजच्या पातळीवर वाचायचं कसं, लिहायचं कसं, चर्चेत बोलायचं कसं हे शिकवतात. यादी येते आणि तुम्ही पसंतीक्रम भरून पाठवायचा असतो.

हा फॉर्म घाईत भरू नका. ट्यूटोरिअल शिकवणारे प्राध्यापकच तुम्ही मेजर (पदवीचा मुख्य विषय) जाहीर करेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन वर्षं, तुमचे शैक्षणिक सल्लागार असतात. कुठला विषय घ्यायचा, कुठला सोडायचा, एखाद्या विषयात अडकलात तर काय करायचं, हे सगळं त्यांच्याशी बोलायचं असतं. म्हणून प्रत्येक ट्यूटोरिअलचं वर्णन नीट वाचा आणि ज्याबद्दल आपल्याला खरंच काही माहीत नाही पण कुतूहल आहे असा विषय वर ठेवा. बारावीला ज्याचे क्लास लावले होते त्याच्याच जवळचा विषय घेतला, तर आपल्याला हे येतं या समजात पहिले दोन महिने निघून जातात. सल्लागार आपल्या भावी मेजरचाच असावा असंही काही नाही. संगीत शिकवणारे प्राध्यापक गणिताच्या मुलाला उत्तम सल्ला देतात, कारण त्याला आपल्या विभागात ओढायची त्यांना गरज नसते.

पोचल्यावरचा पहिला आठवडा

ग्रिनेल आयोवाची राजधानी डिमॉइनच्या पूर्वेला, इंटरस्टेट ८० या महामार्गाजवळ आहे. डिमॉइनच्या विमानतळापासून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. विमानाची वेळ आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला वेळेत कळवा. परदेशी मुलांना इतरांपेक्षा काही दिवस आधी बोलावतात. तिथं जवळपास पाचातला एक विद्यार्थी अमेरिकेबाहेरून आलेला असतो, तेव्हा गोंधळलेले तुम्ही एकटेच नसता. या दिवसांत सिमकार्ड, बँकेचं खातं, ओळखपत्र आणि व्हिसासंबंधी नोंदणी उरकून टाका. एकदा तास सुरू झाले की यातलं प्रत्येक काम दुपार खातं.

रूममेटशी पहिल्या एक-दोन दिवसांतच बोलून घ्या. दिवा किती वाजता बंद करायचा, गजर किती वेळा वाजलेला चालेल, मित्रमैत्रिणी रात्री राहिल्या तर काय, फ्रिजमधलं कुणाचं काय. आपल्याकडं असं बोलणं तुटक वाटतं आणि आपण ते टाळतो. मग ऑक्टोबरात मनात राग साठलेला असतो आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नसतो. ग्रिनेलच्या वसतिगृहांत आपल्याकडच्यासारखे रेक्टर आणि रात्री दहाची हजेरी नसते. मुलांनी आपलं आपण बोलून निभवायचं, याला तिथं ‘सेल्फ-गव्हर्नन्स’ म्हणतात आणि कॉलेजात त्याची जुनी परंपरा आहे. त्याची दुसरी बाजू अशी की तुम्ही बोलला नाहीत, तर तुमच्या वतीनं दुसरं कुणी बोलत नाही.

अमेरिकेत दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. परदेशी विद्यार्थ्याला पोलिसांत झालेली नोंद व्हिसाच्या वेळी आडवी येऊ शकते. ‘नको’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, तेव्हा संकोच धरू नका.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. पहिल्या सत्रात आठ-दहा तास पुरेत. जेवणघरात काम पटकन मिळतं, ग्रंथालय किंवा एखाद्या विभागातलं काम मागाहून मिळवता येतं. काम मिळाल्याचं पत्र हातात आलं की सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी, म्हणजे पगारासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी, अर्ज करा.

विषय निवडताना

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. ट्यूटोरिअल सोडलं तर ग्रिनेलमध्ये ‘हे घ्यायलाच हवं’ अशी यादी नाही. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान अशा तीन शाखा आहेत. एकाच विभागात किंवा एकाच शाखेत किती क्रेडिट (विषयाचा भार मोजायचं माप) घ्यायचे याला वरची मर्यादा आहे, म्हणजे कुणी चार वर्षं फक्त संगणकच करत बसू शकत नाही. बाकी सगळं तुम्ही आणि तुमचे सल्लागार मिळून ठरवता. मायनर (दुय्यम विषय) नावाचा प्रकार नाही, त्याऐवजी वेगवेगळ्या विभागांतले विषय एका सूत्रात बांधणारी कॉन्सन्ट्रेशन्स आहेत. अकरावीला सायन्स की कॉमर्स हे एकदा ठरलं की पुढची वाट ठरून जाते अशा पद्धतीतून आपण आलेलो असतो, त्यामुळे ही मोकळीक मिळाल्यावर आपली मुलं दोनपैकी एक करतात. एक तर पहिल्या दिवसापासून एकाच विभागाचे विषय भरून टाकतात, नाही तर चार दिशांचे चार विषय घेऊन वर्षाखेरी कशाचाच पुढचा टप्पा गाठता येत नाही अशा ठिकाणी येऊन थांबतात.

बहुतेक विषय चार क्रेडिटचे असतात आणि सत्राला चार विषय, म्हणजे १६ क्रेडिट, हा नेहमीचा भार. व्हिसासाठी किमान १२ क्रेडिट चालू असावेच लागतात, हा आकडा पाठ ठेवा. मध्येच एखादा विषय सोडायचा झाला तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

पहिल्या सत्रासाठी मी अशी मांडणी सुचवते. ट्यूटोरिअल धरूनच आहे. दुसरा विषय गणित किंवा विज्ञानातला, कारण ते पायऱ्यापायऱ्यांनी शिकवतात आणि पहिली पायरी उशिरा घेतली तर पुढचं सगळं पुढं जातं. तिसरा एखादी परकी भाषा. चौथा असा की ज्याचं नाव बारावीपर्यंत ऐकलंच नव्हतं, उदाहरणार्थ मानवशास्त्र किंवा धर्मांचा अभ्यास. प्रयोगशाळेचे दोन विषय पहिल्याच सत्रात एकत्र घेऊ नका. प्रयोगाची एक अख्खी दुपार जाते, आणि अहवाल लिहायला त्याहून जास्त वेळ.

सल्लागाराकडं पहिल्या भेटीला जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या. घ्यावेसे वाटणारे सहा विषय, त्यांच्या वेळा, आणि ते का घ्यावेसे वाटतात याची प्रत्येकी एक ओळ. ‘तुम्हीच सांगा’ असं म्हणून बसलात तर ते शांतपणे तुमच्याकडं बघत राहतील. ते टाळाटाळ करत नसतात, तुम्हाला काय हवंय हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं असतं. ‘घरचे म्हणतात कॉम्प्युटर सायन्स कर’ हे सांगायलाही हरकत नाही. खरं तर सांगाच. घरची अपेक्षा, पैशाचं गणित, नोकरीची काळजी हे सगळं त्यांना माहीत असलं तरच सल्ला कामाचा मिळतो.

घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘एवढ्या लांब जाऊन बी.ए.च करायचं?’ ग्रिनेलमध्ये सगळ्यांना मिळते ती बी.ए.च, भौतिकशास्त्र करा, जीवशास्त्र करा नाही तर संगणक. पुढं पीएच.डी.ला किंवा नोकरीला विचारतात तो मेजर. इंजिनिअरिंगचा विभाग मात्र इथं नाही. तीन वर्षं इथं आणि दोन वर्षं एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात अशी सोय आहे, पण त्या वाटेनं जायचं असेल तर पहिल्या सत्रापासून विषय आखावे लागतात. सल्लागाराला पहिल्याच भेटीत सांगा.

मधे मन बदललं तर? जॅझमधला प्रसिद्ध पियानोवादक हर्बी हॅनकॉक ग्रिनेलला आला तो इंजिनिअरिंगच्या वाटेनं, आणि संगीताकडं वळला. तो १९६० च्या तुकडीचा. मोकळा अभ्यासक्रम अशा वळणासाठीच असतो, फक्त ते वळण दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत घेतलं तर वेळ पुरतो.

वर्गात

प्रत्येक विषयाचा सिलॅबस पहिल्या दिवशी मिळतो. आपल्याकडं सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथं त्यात कुठल्या दिवशी काय वाचून यायचं, कुठला पेपर (म्हणजे लिहून आणायचा निबंध) कधी द्यायचा, उशीर झाला तर किती गुण कापणार, वर्गातल्या सहभागाला किती टक्के, एआयची साधनं वापरायला परवानगी आहे की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. चारही सिलॅबसमधल्या तारखा पहिल्या शनिवारी बसून एकाच कॅलेंडरवर उतरवा. सत्र साधारण चौदा आठवड्यांचं. सातव्या-आठव्या आठवड्यात चारही विषयांचे पेपर एकदम अंगावर येतात, हे तेव्हाच दिसून जाईल.

वाचन भरपूर असतं. एका तासासाठी पन्नास-साठ पानं ही मानव्यविद्यांत नेहमीची गोष्ट. आपण पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ अधोरेखित करत वाचायला शिकलेलो असतो, त्या वेगानं हे होणार नाही. आधी सुरुवातीची दोन पानं आणि शेवटची दोन पानं नीट वाचा, लेखकाचं म्हणणं एका वाक्यात समासात लिहा, मग मधलं वाचताना फक्त एवढंच बघा की ते म्हणणं तो कशाच्या जोरावर करतोय. पटलं नाही तिथं एक खूण, कळलं नाही तिथं दुसरी. तासाला जाताना या दोन खुणांपैकी प्रत्येकी एक जागा तयार ठेवा, पान क्रमांकासह.

वर्गात टेबलाभोवती सगळे समोरासमोर बसतात. प्राध्यापक एक प्रश्न टाकतात आणि गप्प बसतात. अमेरिकन मुलं लगेच बोलायला लागतात, काही वेळा पुस्तक धड न वाचताही. आपण मनात वाक्य जुळवतो, व्याकरण तपासतो, आणि तोवर चर्चा तीन मुद्दे पुढं गेलेली असते. यावर उपाय एकच. पहिल्या दहा मिनिटांत तोंड उघडायचं. ‘पान ४२ वरचा हा परिच्छेद मला कळला नाही’ एवढं बोललं तरी पुरतं, कारण बहुधा तो इतर चौघांनाही कळलेला नसतो आणि चर्चा तिथूनच पुढं जाते. एकदा बोललात की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. पहिला अर्धा तास गप्प राहिलात तर पूर्ण तास गप्प जातो. इंग्रजी उच्चारांची लाज सोडून द्या. त्या टेबलाशी व्हिएतनामचा, घानाचा, टेक्सासचा असे सगळे उच्चार असतात.

पेपर लिहिताना मुख्य गोष्ट म्हणजे स्वतःचं म्हणणं. माहिती गोळा करून नीट मांडली तर आपल्याकडं चांगले मार्क मिळतात. इथं तसा पेपर परत येतो आणि समासात लिहिलेलं असतं, ‘यात तुझं मत कुठं आहे?’ सुरुवातीच्या परिच्छेदात असं एक विधान हवं की ज्याच्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. ते सापडेपर्यंत पहिला मसुदा खर्ची पडतो, म्हणून तारखेच्या किमान चार दिवस आधी मसुदा हातात असू द्या आणि तो घेऊन रायटिंग सेंटरमध्ये जा. तिथं जाणं हे कच्चं असल्याचं लक्षण मानू नका, हुशार मुलं सगळ्यात जास्त वेळा जातात. तिथली माणसं व्याकरण सुधारून देत नाहीत. ती तुम्हाला मोठ्यानं वाचायला लावतात आणि ‘इथं तुला काय म्हणायचं होतं?’ असं विचारतात. तुम्ही तोंडी जे सांगता तेच बहुधा लिहायला हवं असतं.

उद्धरणांबाबत फार सावध राहा. गाईडमधली व्याख्या जशीच्या तशी लिहिली की आपल्याकडं शाबासकी मिळायची. इथं दुसऱ्याचं वाक्य, अगदी दुसऱ्याची कल्पनासुद्धा, संदर्भ न देता घेतली तर ती शैक्षणिक अप्रामाणिकपणाची केस होते. घरी करायच्या गणितांत मित्राबरोबर किती काम करायला चालतं हेही विषयागणिक बदलतं. शंका आली तर आधी विचारा. आधी विचारल्याबद्दल कुणी रागवत नाही, नंतरचा खुलासा मात्र कामाला येत नाही.

ऑफिस अवर्स

प्रत्येक प्राध्यापक आठवड्यात काही ठरावीक तास आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसतात. दार उघडं असतं. आपली मुलं जात नाहीत. कारणंही ठरलेली. ‘मूर्ख प्रश्न विचारला तर?’ ‘सरांचा वेळ कशाला घ्यायचा?’ ‘नापास झालो तर जाईन.’ ही भीती खोटी नाही. शाळेत आपण स्टाफरूमच्या दाराशी उभे राहिलो ते एक तर शिक्षा म्हणून, नाही तर वह्यांचा गठ्ठा घेऊन. शिक्षकांकडं नुसतं बोलायला जायचं असतं हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत, काही अडलेलं नसतानाही, चारही प्राध्यापकांकडं एकदा जाऊन या. दहा मिनिटं पुरतात. काय बोलायचं? आपण कुठून आलो, हा विषय का घेतला, आणि वाचलेल्यातली एक जागा जिथं आपण थबकलो. एवढं झालं की पुढच्या वेळी पाय अडखळत नाहीत.

वेळ जुळत नसेल तर ईमेल करा. लांबलचक नको. ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, मग चार वाक्यं : मी तुमच्या सोमवार-बुधवारच्या वर्गात आहे, तिसऱ्या गणितात मी अमुक पायरीपर्यंत पोचते, पुढं चिन्ह का बदलतं ते कळत नाही, तुमच्या ऑफिस अवर्सना माझी प्रयोगशाळा असते, गुरुवारी चारनंतर किंवा शुक्रवारी सकाळी भेटता येईल का? खाली नाव. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली डू द नीडफुल’ हे सगळं वगळा. काही प्राध्यापक पहिल्या नावानं हाक मारायला सांगतील. जिभेला जड गेलं तर ‘प्रोफेसर’ म्हणत राहा, कुणाला खटकत नाही.

आमच्या मागच्या तुकडीत साताऱ्याची एक मुलगी होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिला सी मिळाला आणि ती पेपर घडी घालून दप्तरात ठेवून मोकळी झाली. दोन आठवडे तो तसाच होता. शेवटी मैत्रिणीनं हाताला धरून प्राध्यापिकेच्या खोलीपर्यंत नेलं. बाईंनी पेपर टेबलावर पसरला आणि एकेका उत्तराशी पेन्सिल ठेवून विचारलं, ‘हे कसं काढलंस ते सांग.’ तिसऱ्या उत्तरापर्यंत दोघींच्या लक्षात आलं की तिचं अर्थशास्त्र बरोबर आहे. तिला आलेखाचे अक्ष कसे वाचायचे हेच वेगळं शिकवलेलं होतं, आणि सगळ्या चुका तिथून फुटल्या होत्या. वीस मिनिटांचं काम. पुढच्या वर्षी ती त्याच विषयाची शिकवणी करणारी मदतनीस झाली.

ग्रिनेलचा सगळ्यात प्रसिद्ध विद्यार्थी बहुधा रॉबर्ट नॉइस, इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक आणि १९६८ साली स्थापन झालेल्या इंटेलचा सहसंस्थापक. तो याच गावात वाढला. शाळेत असतानाच त्याला कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात बसायला मिळालं. शिकवणारे होते ग्रँट गेल. ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि गेल यांनी ओळखीतून अगदी सुरुवातीचे काही ट्रान्झिस्टर मिळवले. आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या या कॉलेजात ते तेव्हा अभ्यासायला मिळत होते. याच नॉइसनं वसतिगृहाच्या पार्टीसाठी एका शेतातून डुक्कर चोरलं होतं आणि त्याला एक सत्र काढून टाकलं होतं. प्रकरण त्याहून पुढं जाऊ नये म्हणून जे त्याच्या बाजूनं उभे राहिले त्यांत गेल होते. १९४९ साली तो पदवीधर झाला. आज विज्ञानाच्या इमारतीला त्याचं नाव आहे. सतराशे मुलांच्या कॉलेजात प्राध्यापक तुम्हाला ओळखत असणं किती लांबवर पोचतं ते या गोष्टीत दिसतं.

ग्रेड, ताण, आजारपण

पहिल्या पेपरला बी किंवा बी-मायनस येणं अगदी सर्रास घडतं. दहावी-बारावीला पंच्याण्णव टक्के पाहिलेल्या घरात ती ग्रेड जाचते. घरी फोनवर लगेच सांगायची घाई करू नका, आधी प्राध्यापकांकडं जा, काय सुधारायचं ते समजून घ्या, मग दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

आजारी पडलात, घरी कुणाचं काही झालं, झोपच लागत नाहीये, तर तारीख उलटून जायच्या आधी लिहा. मुदतवाढ बहुधा मिळते. तारखेनंतर आठवड्यानं लिहिलेल्या ईमेलला मिळेलच असं नाही. विषय सोडायच्या मुदती सत्राच्या सुरुवातीला जाहीर होतात, त्याही कॅलेंडरवर घाला. समुपदेशन कॉलेजच्या आरोग्य केंद्रात मिळतं आणि ते गोपनीय असतं. नोव्हेंबरात साडेचार-पाचलाच अंधार पडायला लागतो तेव्हा घरची आठवण सगळ्यात जास्त येते. जावंसं वाटलं तर उशीर न करता जा.

राहणं, जेवण, गाव

बहुतेक मुलं चारही वर्षं कॅम्पसवर राहतात. वसतिगृहं उत्तर, दक्षिण आणि पूर्व अशा भागांत आहेत, आणि कॅम्पसमधून रेल्वेचे रूळ जातात, तेव्हा मालगाडीच्या भोंग्याची सवय करून घ्या. जेवणघर एकच मोठं आहे. शाकाहारी जेवण रोज असतं, पण मसाला आपल्या जिभेचा नसतो. घरून गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी न्या, पाकिटं बंद आणि नाव लिहिलेली. वसतिगृहांत सामायिक स्वयंपाकघरं असतात. रविवारी मुगाची खिचडी शिजवलीत की मजल्यावरचे सगळे डोकावतात, आणि माझ्या मते रूममेटशी मैत्री व्हायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

गावात हाय-व्ही आणि वॉलमार्ट ही मोठी दुकानं आहेत, तांदूळ-डाळ मिळते, ज्वारीच्या पिठासाठी मात्र डिमॉइनच्या भारतीय दुकानांत जावं लागतं. आयोवातलं हिंदू मंदिर मॅड्रिड नावाच्या गावात आहे, दिवाळीला गाडीवाल्या मित्रांबरोबर जाता येतं. गावातल्या एखाद्या कुटुंबाशी परदेशी मुलांची गाठ घालून देणारी योजना आहे, तिच्यात नाव नक्की द्या. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॅम्पस रिकामं होतं तेव्हा जेवायला बोलावणारं एक घर असणं मोलाचं ठरतं. गावाच्या चौकात लुई सलिव्हन या मोठ्या वास्तुशिल्पकारानं १९१४ साली बांधलेली बँकेची इमारत आहे, तिची दर्शनी खिडकी बघायला लांबून माणसं येतात.

थंडी खरी असते. जानेवारीत पारा उणे वीस सेल्सिअसच्या खाली जाऊ शकतो आणि वारा त्याहून बोचरा. कोट, पाणी न शिरणारे बूट, टोपी आणि हातमोजे ऑक्टोबरातच घ्या. वरच्या वर्गातली मुलं जाताना कोट विकतात किंवा देऊन टाकतात, विचारून बघा. हिवाळ्याच्या सुट्टीत कॅम्पसवर राहायचं असेल तर त्याचा अर्ज आणि जेवणाची सोय नोव्हेंबरातच विचारून ठेवा. सुट्टीत बाहेरदेशी जाणार असाल तर आय-२० वर प्रवासासाठीची सही घ्यायला विसरू नका.

दुसरं वर्ष

चौथ्या सत्रात मेजर जाहीर करावा लागतो. त्यासोबत उरलेल्या दोन वर्षांचा आराखडा लिहून द्यायचा असतो, आणि सल्लागार म्हणून त्या विभागातले प्राध्यापक निवडायचे असतात. ही निवड विभागाच्या प्रमुखांवर सोपवू नका. ज्यांच्या वर्गात तुम्ही सगळ्यात जास्त बोललात त्यांना विचारा.

मेजर ठरवताना व्हिसाचं गणितही समजून घ्या. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयातलं काम करायच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, आणि मेजर सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत बसत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. कॉलेजात कुठल्या मेजरला या यादीसाठीचा कुठला कोड आहे हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय सांगतं. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. केवळ या कोडसाठी नावडता मेजर घ्यावा असं मी सांगणार नाही. दोन मेजर करायची मुभा आहे, आणि इतिहास व गणित अशा जोड्या जमवणारी मुलं दर वर्षी असतात.

तिसऱ्या वर्षी एक सत्र दुसऱ्या देशात शिकायला जायची पद्धत इथं फार रुळलेली आहे. आपण आधीच परदेशात असलो तरी त्यात आपणही जाऊ शकतो, फक्त व्हिसाची तयारी दुप्पट. ग्रिनेलसारख्या मध्यपश्चिमेतल्या कॉलेजांची असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट ही संघटना आहे. तिचा भारत अभ्यासक्रम अनेक वर्षं पुण्यात चालायचा. अमेरिकन मुलं पुण्यातल्या घरांत राहायची आणि मराठी शिकायची. तेव्हा कॉलेजातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्यानं तुमचं आडनाव ऐकून मराठीत विचारपूस केली तर चकित होऊ नका. गप्पा मारा, ओळख ठेवा.

आणि मॅप. पूर्ण नाव मेंटर्ड ॲडव्हान्स्ड प्रोजेक्ट. एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतःचं संशोधन करायचं, सत्रात किंवा उन्हाळ्यात. उन्हाळ्यात केलं तर मानधनही मिळतं. पीएच.डी.ला जायचं असेल तर शिफारसपत्रात यावर जे लिहिलं जातं त्याला सगळ्यात जास्त वजन असतं. अर्ज प्राध्यापकांबरोबर बसून लिहायचा असतो, त्यामुळे ‘मला तुमच्याकडं मॅप करायला आवडेल’ हे आधी तुम्हीच जाऊन म्हणायला हवं. पुढच्या उन्हाळ्यासाठीची ही भेट हिवाळ्याच्या सुट्टीआधी उरका. सुट्टीनंतर गेलात तर बहुतेक प्राध्यापकांनी आपली मुलं निवडलेली असतात.